दीडशेहून जास्त वर्षं जुनी यादी

मंडळी, बोर्दोच्या रेड वाइनचं बिल बघून डोळे पांढरे झाले, की १८५५ साल आठवा. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तेव्हा दलालांनी तिथल्या इस्टेटींचे पाच वर्ग पाडले. कशावरून? बाजारभावावरून! एक ग्राव्हची सोडली, तर सगळ्या मेदोकच्या. दोर्दोन्य नदीच्या उजव्या काठचं कुणीच नाही. नंतर वरच्या वर्गात बढती एकदाच, १९७३ मध्ये मूताँ-रोत्शिल्डला.

म्हणजे डेटा दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा, पैसे आपण आज मोजायचे!

म्हणून मी हल्ली कास्तियाँ शोधतो. प्रसिद्ध सेंत-एमिलियाँला अगदी खेटून. मुख्य द्राक्ष तेच, मेर्लो. चुनखडीची जमीनही तशीच. फक्त नावाचा भाव द्यावा लागत नाही. पुढच्या वेळी लेबलाआधी नकाशा बघा. असो. चिअर्स!