नट किती आवळावा?

सायकलचा नट आवळताना आपण हाताच्या अंदाजावर विसंबतो. पाना जड लागू लागला की नट घट्ट झाला असे समजतो. पण पान्याला किती जोर लावला आणि बोल्टमध्ये किती ताण आला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हा फरक अभियंत्यांना पुलांनी शिकवला.

नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो. ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे तो मूळ लांबीकडे येऊ पाहतो आणि मधल्या पट्ट्या एकमेकींवर दाबून धरतो. दाब पुरेसा असेल तर पट्ट्यांमधील घर्षणच भार पेलते. दाब कमी पडला तर पट्ट्या सरकतात, आणि गाड्यांच्या हादऱ्यांनी नट सैल होऊ लागतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलादी पूल रिव्हेटांनी जोडत. १९४३ साली सुरू झालेला कलकत्त्याचा हावडा पूलही तसाच आहे. तापवून लाल केलेला रिव्हेट थंड होताना आकसतो आणि पट्ट्या आवळतो; पण किती, याची खात्री नसे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये बॅथो आणि बेटमन यांनी दाखवले की, मजबूत पोलादाचे बोल्ट पुरेसे आवळले तर पट्ट्यांचे सरकणे थांबते. १९३८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्सन आणि थॉमस यांना आढळले की, वारंवार बदलणाऱ्या भाराखाली असे बोल्ट रिव्हेटांच्या तोडीस तोड टिकतात. १९५१ मध्ये तेथील पहिल्या नियमावलीने रिव्हेटांच्या जागी असे बोल्ट वापरण्यास मान्यता दिली.

मग प्रश्न आला, पुरेसा ताण आला हे ओळखायचे कसे? फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, दाखवणारा पाना होताच. पण या जोराचा सुमारे निम्मा भाग नटाखालच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्यासाठी उरतो जेमतेम दहावा हिस्सा! त्यामुळे आटे कोरडे, गंजलेले की तेलकट, यावर सारे अवलंबून राहते. टॉर्क तोच ठेवूनही ताण ३० टक्क्यांनी कमी किंवा जास्त येऊ शकतो.

यावरचा साधा उपाय अमेरिकेतील रेल्वे अभियंत्यांना १९५० च्या दशकात सापडला. आडरानातील पुलांवर यंत्रांना शक्ती पुरवणे अवघड होते. म्हणून त्यांनी जोर मोजणे सोडून नटाचे फेरे मोजले. बोटांनी घट्ट केलेला नट आणखी एक पूर्ण फेरा फिरवायचा. पुढे ही रीत सुधारली: आधी साध्या पान्याने पूर्ण जोर लावून पट्ट्या नीट टेकवायच्या, मग नटावर खूण करून साधारण अर्धा फेरा द्यायचा.

हे का जमते? १०० मिलिमीटर लांबीच्या पोलादी बोल्टमध्ये दर चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन ताण येतो, तेव्हा तो फक्त ०.२ मिलिमीटर लांबतो. २० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टवर नट अर्ध्या फेऱ्यात १.२५ मिलिमीटर पुढे जातो. यातला काही भाग पट्ट्या दाबण्यात गेला तरी बोल्ट स्थितिस्थापक मर्यादा ओलांडतो. त्यापुढे फेरा थोडा कमीजास्त झाला तरी ताण फारसा बदलत नाही. घर्षण कितीही असो, लांबी तेवढीच वाढते. पट्ट्या आधी नीट टेकल्या नसतील, तर मात्र हा हिशेब चुकतो.

वर्गात हे करून पाहता येईल. बोल्टवर एक आखूड, कडक स्प्रिंग घालून वर नट चढवा. पान्याच्या टोकाला ताणकाटा अडकवून ठरावीक जोर येईपर्यंत ओढा आणि स्प्रिंगची उंची मोजा. मग आट्यांना तेल लावून त्याच जोराने पुन्हा मोजा. दोन उंचींतला फरक का पडला, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.