वेब अ‍ॅप्लिकेशनच्या कार्यक्षमतेचे मोजमाप आणि समुदायनिर्मित प्लगइन : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : वेब अ‍ॅप्लिकेशन, कार्यक्षमता, देखरेख, प्लगइन, मुक्तस्रोत, प्रतिसादकाल, महाविद्यालयीन प्रशासन

प्रस्तावना

प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि निकाल या चारही बाबतींत विद्यार्थ्याचा संस्थेशी येणारा संबंध आज प्रामुख्याने संगणकाच्या पडद्यावरून येतो. महाराष्ट्र शासनाच्या अनेक शिष्यवृत्ती योजनांचे अर्ज २०१७-१८ या शैक्षणिक वर्षापासून महाडीबीटी पोर्टलवर स्वीकारले जाऊ लागले. नवीन जालना येथील महाविद्यालयांत अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन अशा तालुक्यांतून येणारा विद्यार्थी हे अर्ज बहुधा मोबाइलवरून अथवा महा ई-सेवा केंद्रातून भरतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पान उघडले नाही, तर तो 'सर्व्हर डाउन होता' असे सांगतो. 'आमच्याकडे तर चालू होते' असे त्याला उत्तर मिळते. यांपैकी कोणाचे म्हणणे खरे, हे ठरविण्यासाठी नोंद लागते. नोंद नसेल तर पुराव्याचा भार विद्यार्थ्यावर पडतो आणि तो भार त्याला पेलता येत नाही.

मोजणीचे महत्त्व मराठवाड्याला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पिकांची पैसेवारी ५० पैशांच्या आत की वर, यावर दुष्काळी सवलती दीर्घकाळ अवलंबून राहिल्या. म्हणूनच ती कोणी, कोणत्या शेतात आणि कोणत्या पद्धतीने काढली, हा येथे नेहमीच वादाचा विषय राहिला आहे. मोजणारा कोण आणि मोजणी तपासता येते काय, हे दोन प्रश्न पिकाला जितके लागू पडतात तितकेच ते संकेतस्थळालाही लागू पडतात. प्रस्तुत शोधनिबंधात वेब अ‍ॅप्लिकेशनच्या कार्यक्षमतेवर देखरेख ठेवण्याच्या साधनांचा इतिहास या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने तपासला आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे

१. कार्यक्षमतेच्या देखरेखीची साधने कोणत्या गरजेतून निर्माण झाली याचा शोध घेणे.
२. या साधनांच्या विकासात समुदायाने तयार केलेल्या प्लगइनचे स्थान स्पष्ट करणे.
३. या इतिहासावरून लहान शहरांतील महाविद्यालयांना काय घेता येईल याचा विचार करणे.

१. अभावातून जन्मलेले मोजमाप

या इतिहासाचा एक महत्त्वाचा प्रारंभबिंदू विद्यापीठात सापडतो. १९९४ च्या सुमारास इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर काम करीत होते. विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाहिनी एकच, तीही ६४ किलोबिट क्षमतेची होती. ती किती भरलेली आहे हे जाणून घेण्याची उत्सुकता सर्वांनाच होती. ओटिकर यांनी या वाहिनीवरील रहदारीचा सतत अद्ययावत होणारा आलेख वेबपानावर दाखविणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. १९९५ मध्ये तो 'एमआरटीजी' या नावाने सर्वांसाठी खुला झाला. याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

पुढे १९९९ मध्ये ओटिकर यांनी 'आरआरडीटूल' हे साधन तयार केले. त्यातील कल्पना अशी की, नोंदींची फाइल ठराविक आकाराचीच राहते. अलीकडच्या नोंदी बारकाईने आणि जुन्या नोंदी सरासरीच्या रूपात जपल्या जातात. त्यामुळे कमी जागेत अनेक वर्षांचा कल पाहता येतो. ज्यांच्याकडे मुबलक क्षमता होती त्यांना मोजण्याची घाई नव्हती. ज्यांना अपुऱ्या क्षमतेत भागवावे लागत होते त्यांनी मापे घडविली, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

२. चार अंकांचा करार

१९९९ मध्ये अमेरिकेतील ईथन गॅलस्टॅड यांनी 'नेटसेंट' नावाची देखरेख प्रणाली प्रसिद्ध केली. व्यापारचिन्हाच्या कारणावरून २००२ मध्ये तिचे नाव 'नागिओस' असे बदलण्यात आले. या प्रणालीचे वैशिष्ट्य असे की, मूळ प्रणाली स्वतः जवळजवळ काहीच मोजत नाही. ती ठराविक वेळाने लहान लहान प्रोग्रॅम चालविते आणि त्यांनी दिलेले उत्तर नोंदविते. हे लहान प्रोग्रॅम म्हणजेच प्लगइन होत.

प्लगइन लिहिणाऱ्यावर एकच बंधन होते. त्याने एक ओळ मजकूर द्यावा आणि काम संपताना चारपैकी एक अंक परत करावा : ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अज्ञात. प्रोग्रॅम कोणत्याही भाषेत लिहिला तरी चालत असे. या साध्या करारामुळे जगभरातील व्यवस्थापकांनी आपापल्या गरजेचे प्लगइन लिहिले व ते एकमेकांना दिले. एखाद्याने वेबपान उघडते काय हे तपासले, दुसऱ्याने डेटाबेस, तर तिसऱ्याने सर्व्हरच्या खोलीचे तापमान. एकाच संस्थेने इतक्या विविध तपासण्या लिहून पुरविणे अशक्यप्राय होते.

३. बाहेरून आत

नागिओसची तपासणी मुख्यतः बाहेरून होते. पान उघडण्यास १२ सेकंद लागले हे ती सांगू शकते. परंतु ते १२ सेकंद कोठे गेले, हे तिला सांगता येत नाही. संथपणाचे कारण डेटाबेसमधील एखादा प्रश्न, दुसऱ्या सेवेची वाट पाहणे किंवा प्रोग्रॅममधील एखादे अनावश्यक आवर्तन, यांपैकी काहीही असू शकते. त्यासाठी अ‍ॅप्लिकेशनच्या आत शिरावे लागते.

पीएचपी भाषेसाठी डेरिक रेथन्स यांनी २००२ मध्ये तयार केलेले 'एक्सडिबग' हे या दिशेचे प्रारंभीचे साधन होय. परंतु प्रत्येक फंक्शनची नोंद ठेवताना अ‍ॅप्लिकेशन स्वतःच मंदावते. म्हणून अशी साधने प्रयोगापुरतीच वापरणे योग्य मानले गेले. २००८ मध्ये स्थापन झालेल्या 'न्यू रेलिक' या कंपनीने, आरंभी 'रुबी ऑन रेल्स'साठी, चालू अ‍ॅप्लिकेशनच्या आतील मोजमाप ही सेवा म्हणून विकण्यास सुरुवात केली. फेसबुकने आपला 'एक्सएचप्रॉफ' २००९ मध्ये मुक्त केला. अशा रीतीने मोजमापाचे दोन मार्ग समोर आले. एका मार्गावर नोंदी कंपनीच्या केंद्रात जमा होत, तर दुसऱ्यावर त्या वापरणाऱ्याच्या हाती राहत.

४. मराठी विकिपीडियाच्या मागील यंत्रणा

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा आहे. तो 'मीडियाविकी' या पीएचपी भाषेतील अ‍ॅप्लिकेशनवर चालतो आणि तीनशेहून अधिक भाषांतील विकिपीडियांना सेवा देणाऱ्या समाईक यंत्रणेचा भाग आहे. मराठी पानाचा वेग मोजण्याचे साधन आणि इंग्रजी पानाचा वेग मोजण्याचे साधन यांत तेथे भेद नाही.

विकिमीडियाने २०१४ मध्ये पीएचपी चालविण्यासाठी फेसबुकची 'एचएचव्हीएम' ही प्रणाली स्वीकारली होती. तीत ठराविक वेळाने नमुने घेण्याची सोय होती. पीएचपी ७ कडे परतण्याचे ठरल्यावर ही सोय हरपणार होती. तेव्हा विकिमीडियाचे ज्येष्ठ प्रोग्रॅमर टिम स्टार्लिंग यांनी 'एक्सायमर' हे पीएचपीचे विस्तारक लिहिले. ते प्रत्येक फंक्शनची नोंद ठेवत नाही. ठराविक अंतराने अ‍ॅप्लिकेशन त्या क्षणी काय करीत आहे याचा नमुना घेते. सर्व पोती न उघडता काही पोत्यांतून परखीने धान्याचा नमुना काढावा, तसेच हे होय. नमुने पुरेसे जमले की वेळ कोठे जातो हे स्पष्ट होते आणि अ‍ॅप्लिकेशनवर पडणारा भार अल्प राहतो. विकिमीडिया या नमुन्यांचे आलेख सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करते.

हे विस्तारक मुक्तस्रोत असल्यामुळे ते विकिपीडियापुरते मर्यादित राहिले नाही. मार्टिन डुगियामस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली 'मूडल' ही अध्यापन प्रणाली अनेक महाविद्यालयांत वापरली जाते. मूडलसाठी काम करणाऱ्या 'कॅटॅलिस्ट आयटी' या कंपनीने एक्सायमरवर आधारित प्लगइन तयार करून मूडलच्या समुदायास उपलब्ध करून दिले. विश्वकोशाच्या गरजेतून निर्माण झालेले माप अशा प्रकारे ऑनलाइन वर्गाच्या उपयोगी पडले. चाचणीच्या वेळी मूडल संथ झाले तर दोष प्रश्नपेढीचा, गुणपुस्तकाचा की दुसऱ्या एखाद्या प्लगइनचा, हे आता अंदाजाने सांगण्याची गरज उरत नाही.

५. मालकीचा प्रश्न

समुदायाने लिहिलेले प्लगइन कोणाचे, हा प्रश्न या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झाला. २००९ मध्ये नागिओसच्या काही सहकाऱ्यांनी विकासाच्या गतीबद्दल असमाधान व्यक्त करून 'आयसिंगा' ही स्वतंत्र शाखा काढली. जानेवारी २०१४ मध्ये नागिओस कंपनी आणि प्लगइन सांभाळणारा स्वयंसेवी गट यांच्यात प्रकल्पाचे नाव व संकेतस्थळाचा पत्ता यांवरून मतभेद झाले. त्या गटाने 'मॉनिटरिंग प्लगइन्स' या नव्या नावाने काम पुढे चालू ठेवले. नाव गेले, परंतु परवाना मुक्त असल्याने प्रोग्रॅम गेला नाही आणि चार अंकांचा करारही तसाच राहिला.

याउलट उदाहरण न्यू रेलिकचे आहे. या कंपनीने २०१३ मध्ये प्लगइनसाठी व्यासपीठ उघडले. अनेक प्रोग्रॅमरांनी निरनिराळ्या डेटाबेस व सर्व्हरसाठी प्लगइन लिहिले. परंतु त्यांच्या नोंदी कंपनीच्या केंद्रातच जात. २०२१ मध्ये हे व्यासपीठ बंद झाले. प्लगइनचा मजकूर लेखकांकडे राहिला, मात्र त्याच्या नोंदी स्वीकारणारे कोणी उरले नाही. याच कंपनीने २०२० मध्ये आपले मोजणी करणारे प्रोग्रॅम मुक्तस्रोत केले, हेही नमूद केले पाहिजे.

या अनुभवांतून समान मापाची गरज पुढे आली. बर्लिनमधील साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेला 'प्रोमीथियस' प्रकल्प २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेला. 'ओपनट्रेसिंग' व 'ओपनसेन्सस' हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र येऊन 'ओपनटेलिमेट्री' उभा राहिला. नोंद कोणत्या स्वरूपात करावी याचा करार सर्वांचा आणि नोंद कोठे ठेवावी याची निवड ज्याची त्याची, हे त्यामागील सूत्र होय.

६. नोंदीअभावी होणारी हानी

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्यविम्याचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ सुरू झाले. पहिल्या दिवशी केवळ ६ व्यक्तींची नोंदणी पूर्ण होऊ शकली. दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्यांना आढळले की, संकेतस्थळाची एकत्रित स्थिती दाखविणारा फलकच अस्तित्वात नव्हता. त्यांनी प्रथम मोजमापाची सोय केली व नंतर दुरुस्ती हाती घेतली. मोठा निधी असूनही मोजमाप आपोआप होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

आपल्याकडील मूल्यांकनाची दृष्टीही या संदर्भात तपासण्यासारखी आहे. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात प्रशासन, वित्त, प्रवेश आणि परीक्षा या क्षेत्रांत ई-प्रशासन लागू केले आहे काय, अशी विचारणा करण्यात आली. महाविद्यालयांनी त्यानुसार प्रणाली बसविल्या. परंतु प्रणाली असणे आणि ती गर्दीच्या दिवशी चालणे या भिन्न गोष्टी आहेत.

७. मर्यादा

प्लगइन बसविले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. पहिली मर्यादा आकड्यांच्या वाचनाची आहे. समजा, १०० विद्यार्थ्यांपैकी ९५ जणांना पान १ सेकंदात मिळाले आणि ५ जणांना ६० सेकंद थांबावे लागले. सरासरी ३.९५ सेकंद निघते आणि ती समाधानकारक भासते. त्या पाच जणांची अडचण तिच्यात लपून जाते. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत संथ प्रतिसादांची स्वतंत्र नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. अ‍ॅप्लिकेशनच्या आत शिरणाऱ्या प्लगइनला अर्जातील नाव, मोबाइल क्रमांक, बँक खाते हेही दिसू शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ च्या पार्श्वभूमीवर कोणत्या नोंदी घ्यावयाच्या नाहीत हे आधीच ठरविले पाहिजे. तिसरी मर्यादा देखभालीची आहे. स्वयंसेवकाने लिहिलेले प्लगइन तो कधीही सोडून देऊ शकतो. म्हणून शेवटची सुधारणा कधी झाली हे पाहूनच ते स्वीकारावे. शिवाय भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर एक्सायमरसारखे विस्तारक बसविण्याची मुभा सहसा नसते. तेथे बाहेरून होणाऱ्या तपासणीवरच भागवावे लागते.

निष्कर्ष

१. वेबवरील देखरेखीची महत्त्वाची साधने मोठ्या खरेदीतून नव्हे, तर टंचाईत काम करणाऱ्यांच्या गरजेतून निर्माण झाली. ६४ किलोबिटच्या एका वाहिनीवर भागविणारे विद्यापीठ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२. समुदायनिर्मित प्लगइनचे आयुष्य त्याच्या लोकप्रियतेवर अवलंबून नसते. परवाना मुक्त आहे काय आणि नोंदीचे स्वरूप सर्वांना खुले आहे काय, यांवर ते ठरते.

३. महाविद्यालयाने स्वतःच्या संकेतस्थळाची व मूडलची आतून मोजणी करावी आणि ज्या शासकीय वा विद्यापीठीय पोर्टलवर आपले विद्यार्थी अवलंबून आहेत, ती उघडतात काय याची ठराविक वेळाने, त्यांच्यावर भार न टाकता, बाहेरून नोंद ठेवावी. संगणकशास्त्र विभागातील एक जुना संगणक आणि एक उपक्रमशील विद्यार्थिगट यासाठी पुरेसा आहे.

४. मुदत संपल्यानंतर येणाऱ्या तक्रारीच्या वेळी ही नोंद पुरावा म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने मांडता येईल आणि पोर्टल सुरळीत चालू असल्यास तेही तितक्याच स्पष्टपणे सांगता येईल. मुदतवाढीचा निर्णय त्यामुळे आर्जवावर न राहता आकड्यांवर घेता येईल. लहान शहरातील महाविद्यालयाने हे मोजमाप आपल्या हाती ठेवणे हा म्हणूनच केवळ तांत्रिक सोयीचा भाग नसून त्याच्या शैक्षणिक कर्तव्याचा भाग आहे.