पावलं कुणाची मोजायची? खुलताबादचं माळवद आणि घरातली सोय

मंडळी, खुलताबादचा इतिहास म्हटला की आपण थेट कबरींकडे जातो. बुऱ्हाणुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी, मलिक अंबर, औरंगजेब, पहिला निजाम. गावाचं नावसुद्धा दिवंगत बादशहाच्या ‘खुल्द-मकान’ या पदवीवरून आलेलं. त्याआधी हे रौजा. एवढी थोर माणसं जिथं चिरविश्रांती घेतायत, तिथं पहाटे उठून चूल कोण पेटवत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज आम्ही तोच विषय घेतलाय. कामाच्या रगाड्यातलं कुटुंब घर कसं रचत होतं, आणि ती रचना नेमकी कुणाच्या सोयीची होती?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे ग्रीकांकडे एक फेरी होणारच. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन यानं घरकारभारावर एक संवाद लिहिलाय. त्यात इस्कोमाखस नावाचा गृहस्थ तरुण बायकोला घर दाखवतो आणि फिनिशियन जहाजाचा दाखला देतो. इवल्याशा जागेत शेकडो वस्तू, पण प्रत्येक वस्तू ठरल्या जागी. वादळात शोधाशोध नको. विचार उत्तम आहे. फक्त एक बघा, जागा ठरवतो नवरा आणि ती सांभाळायची बायकोनं. पुढची दोन-सव्वादोन हजार वर्षं हे काही फारसं बदललं नाही.

आता आपल्याकडे या. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या जाडजूड भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, वर काटक्या-पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. घर मोजायचं खणावर; दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. अमक्याचं पाच खणी, तमक्याचं सात खणी. चौरस फूट नंतर आले. आणि खण रिकामा कधीच नसायचा. भिंतीच्या जाडीतच कोनाडा, त्यात दिवा, शेजारी फडताळ. आढ्याला शिंकं टांगलं की दूधदही मांजरापासून सुरक्षित. मडक्यांची उतरंड एका मडक्याची जागा व्यापते आणि पाच-सात मडक्यांचं सामान ठेवते. आम्हाला सगळ्यात कौतुक बळदाचं. भिंतीलगतचं धान्याचं कोठार, वरून भरायचं, खालच्या भोकातून काढायचं. म्हणजे जुनं धान्य आपोआप आधी निघतं. आजचे गोदामवाले हेच तत्त्व शिकायला पैसे भरतात!

ओसरीचं तर विचारूच नका. सकाळी तिथं निवडणं-टिपणं, दुपारी पाळणा, संध्याकाळी पाहुणा, रात्री अंथरूण. एकाच जागेला चार प्रहरांत चार कामं. खुलताबादला याचा अर्थ आणखी वेगळा. उरूस आला, हनुमान जयंतीला किंवा श्रावणी शनिवारी भद्रा मारुतीला पायी येणारी मंडळी आली, की घर फुगावं लागतं. आणि माळवदावर कुरडया, सांडगे, मिरच्या. उन्हाळ्यात झोपायलाही तेच.

हे सगळं सुंदर. पण चूल कुठं? बहुतेक घरांत सगळ्यात आत, अंधारात. उजेड आणि धुराची वाट म्हणजे माळवदाला ठेवलेलं एक साणं. पाऊस आला की तेही झाकायचं. धान्याला कोठार, पाहुण्याला ओसरी आणि जिचा दिवस स्वयंपाकात जातो तिला धूर. ज्या घरानं दाण्या-दाण्याची सोय बघितली, त्यानं बाईचे डोळे आणि पावलं हिशेबात धरली नाहीत. ‘पूर्वीची घरं किती शास्त्रशुद्ध’ असं म्हणणाऱ्यांनी हे साणं विसरू नये.

आणि वेळ खाणारी खरी कामं दोनच, पाणी आणि दळण. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहरात, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, जमिनीखालच्या नहरींनी पाणी खेळवलं. पुढं अठराव्या शतकात पाणचक्की पाण्याच्या जोरावर पीठ दळत होती. तंत्र आपल्या दाराशी होतं हो! पण ती चक्की फिरली ती दर्ग्यातल्या फकीर-यात्रेकरूंसाठी. घराघरातलं जातं तसंच पहाटे घरघरत राहिलं. ते थांबायला विसाव्या शतकातली पिठाची गिरणी यावी लागली.

पावलं मोजण्याचा उद्योग केला तो युरोप-अमेरिकेनं. 1926 साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. जेमतेम सहा फूट बाय अकरा फूट, आगगाडीतल्या भटारखान्याचा आदर्श समोर ठेवून. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं झाली. गंमत म्हणजे, तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असं बाईंनीच पुढं सांगितलं. पावलं वाचली हे खरं. पण त्या खोलीत दुसरं माणूस मावेना. बाई कोंडली गेली. आपल्या ओसरीवर मिरच्या खुडायला सासू, जाऊ, शेजारीण बसते, ते तिथं गेलं. आम्हाला विचाराल तर चुलीला उजेड फ्रँकफुर्टचा हवा आणि निवडण्याला जागा ओसरीची.

हा वाद नुसता सोयीचा राहिला नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. लातूर-उस्मानाबादेतली तीच माळवदं, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचा भार, झोपलेल्या माणसांवर कोसळली. वर्षानुवर्षं गळतीसाठी थरावर थर चढवत गेलेलं छतच जिवावर उठलं. पुनर्वसनात घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीनाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, मोठ्याला 750. मजबूत घरं होती, त्याबद्दल वाद नाही. पण कणगी कुठं ठेवायची, म्हैस कुठं बांधायची, बाजेवर कुठं बसायचं, याचं उत्तर नकाशात नव्हतं. लोकांनी ते आपापलं शोधलं. पुढं पत्र्याची पडवी काढली, मागं गोठा, कडेला चूल.

खुलताबादलाही आता माळवदं उतरून स्लॅब पडतायत, आणि पडू द्यावीत. किल्लारीनंतर कुणाला जुन्या छताखाली झोपा म्हणायचं धाडस आम्हाला नाही. फक्त नव्या घरात ओटा आला, खिडकी आली, आणि ओसरीच्या जागी मोटारसायकल उभी राहिली. उरसाला पाहुणे आले की ती मोटारसायकल रस्त्यावर जाते, तिथं सतरंजी पडते आणि घरातल्या बायका कांदे घेऊन तिथंच येऊन बसतात.