ॲम्प्लिफायरची मापने आणि श्रवणगुणवत्ता

ॲम्प्लिफायर (विवर्धक) हे दुर्बल विद्युत संकेताचे लाउडस्पीकर चालवू शकेल इतक्या सबळ संकेतात रूपांतर करणारे उपकरण होय. त्याची शक्ती, विरूपण, कंप्रता-प्रतिसाद, खरखर इत्यादी गुणधर्म प्रयोगशाळेत मोजता येतात. या मापनांवरून ते उपकरण कानाला कितपत चांगले वाटेल हे आधी सांगता येते का, हा ध्वनिअभियांत्रिकीतील जुना वादविषय आहे. उपलब्ध पुराव्यावरून असे म्हणता येते की, पुरेशी व योग्य मापने एकत्र पाहिल्यास एखादा ॲम्प्लिफायर मूळ ध्वनीत ऐकू येण्याजोगा फरक करीत नाही हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. मात्र विक्रीपत्रकावर छापला जाणारा एखादा सुटा आकडा, मग तो वॅटचा असो की विरूपणाच्या टक्क्यांचा, या कामी फारसा उपयोगी पडत नाही.

मापनांचे स्वरूप

आदर्श ॲम्प्लिफायर संकेत केवळ मोठा करतो, त्याचा आकार बदलत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक मंडल आकारात थोडा बदल करतेच. एकाच कंप्रतेचा शुद्ध स्वर आत सोडला असता बाहेर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही मिळतात. या सर्व उपस्वरांची एकत्रित पातळी मूळ स्वराच्या तुलनेत टक्क्यांत सांगितली की त्यास एकूण हार्मोनिक विरूपण म्हणतात. ०.१ टक्का विरूपण म्हणजे उपस्वर मूळ स्वराच्या ६० डेसिबेल खाली, तर ०.०१ टक्का म्हणजे ८० डेसिबेल खाली. यात खरखर मिळवून काढलेला गुणोत्तराचा आकडा ‘साइनॅड’ या नावाने ओळखला जातो.

विरूपण कमी करण्याचा मुख्य उपाय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये सुचला. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलट करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे मंडल आपली चूक आपणच कमी करते. यास ऋण प्रतिसंभरण (निगेटिव्ह फीडबॅक) म्हणतात. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी प्रसिद्ध केलेल्या १५ वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरने या तत्त्वाच्या आधारे विरूपण ०.१ टक्क्याच्या आसपास आणून ठेवले. ट्रान्झिस्टरच्या काळात हा आकडा आणखी शेकडो पटींनी खाली गेला. कानांना मात्र ध्वनी त्याच प्रमाणात सुधारल्याचे जाणवले नाही आणि वादाची सुरुवात येथूनच झाली.

वॅटचा आकडा

सर्वसामान्य ग्राहकाची सर्वांत मोठी दिशाभूल विरूपणाच्या नव्हे, वॅटच्या आकड्याने झाली. १९९० च्या दशकात भारतीय बाजारात कॅसेट प्लेअर व म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे हजार, दोन हजार असे आकडे सर्रास छापले जात. ही अक्षरे शिखर संगीतशक्तीची निदर्शक असली तरी ती कशी मोजावी याचे कोणतेही मान्य प्रमाण नव्हते. क्षणार्धापुरती मिळू शकणारी, किंवा केवळ कागदावर गुणाकार करून काढलेली शक्तीही त्यात बसू शके. भिंतीतल्या साध्या पिनेवर चालणारा आणि पन्नासेक वॅट वीज घेणारा संच दोन हजार वॅटचा ध्वनी सतत देऊ शकत नाही, हे शालेय भौतिकशास्त्रातील ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमानेच स्पष्ट होते. तरीही हा आकडा पाहून संच निवडले गेले. हा दोष मापनाचा नव्हे, तर मापनाचे नाव घेऊन छापलेल्या संख्येचा होता.

याउलट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) सुटे भाग आणून घरी ॲम्प्लिफायर जुळवणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती अधिक प्रामाणिक आकडा असे. त्यांच्यात लोकप्रिय असलेल्या ‘टीडीए २०३०’ या एकात्मिक मंडलाच्या माहितीपत्रकात १४ वॅट शक्ती दिलेली असे, आणि ती किती विरूपणाला (०.५ टक्का), किती रोधाला (४ ओहम) व किती विद्युतदाबाला मिळते हेही शेजारीच नोंदलेले असे. अटींशिवाय दिलेल्या शक्तीच्या आकड्याला अर्थ नसतो. विरूपण १० टक्क्यांपर्यंत जाऊ दिले तर तोच ॲम्प्लिफायर कागदावर बराच बलवान दिसतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच शक्तीच्या जाहिरातींसाठी नियम केला. २०२४ मध्ये तो सुधारून ८ ओहम रोध, २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रता आणि १ टक्क्यापेक्षा कमी विरूपण या अटी ठरवून दिल्या.

शक्तीचे माप योग्य रीतीने घेतले असेल तर श्रवणाशी त्याचा थेट संबंध असतो. संगीतातील क्षणिक शिखरे सरासरी पातळीपेक्षा १० ते २० डेसिबेल वर जातात. सरासरी १ वॅट लागत असेल, तर २० डेसिबेलच्या शिखरासाठी १०० वॅट हवेत. तबल्याच्या थापेला ॲम्प्लिफायरची शक्ती कमी पडली की संकेताचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. हा फरक ओळखायला तयार कान लागत नाही.

विरूपणाचा एकच आकडा का पुरत नाही

एकूण विरूपणाच्या आकड्यात सर्व उपस्वर सारख्याच वजनाने मोजले जातात. कान तसे मोजत नाही. मूळ स्वराच्या आसपासचे क्षीण ध्वनी तो स्वरच झाकून टाकतो. या गुणधर्मास आच्छादन म्हणतात. दुसरा उपस्वर, म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर, सहज झाकला जातो आणि ऐकू आला तरी खटकत नाही. सातवा किंवा नववा उपस्वर मात्र दूर पडल्याने उघडा राहतो. १९५० मध्ये बीबीसीचे डी. ई. एल. शॉर्टर यांनी सुचवले की, उपस्वराचा क्रमांक जितका मोठा, तितके त्याला अधिक वजन द्यावे. हे वजन क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावे असे त्यांचे सूत्र होते. उद्योगाने साधा आकडाच चालू ठेवला, कारण तो मोजायला सोपा आणि जाहिरातीत शोभणारा होता.

सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांच्या कर्कशपणाचे एक कारण येथेच सापडते. संकेताचा धन व ऋण भाग दोन वेगवेगळे ट्रान्झिस्टर सांभाळत. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना शून्याजवळ लहानशी खाच पडे आणि तिच्यातून वरच्या क्रमांकाचे उपस्वर निघत. शिवाय ही खाच आवाज लहान असताना तुलनेने मोठी ठरे. पूर्ण शक्तीला मोजलेला आकडा उत्तम, पण रात्री हळू आवाजात लावलेले गाणे खरखरीत, असा अनुभव त्यामुळे येई. फिनलंडचे मात्ती ओताला यांनी १९७० मध्ये आणखी एक कारण मांडले. प्रतिसंभरण भरपूर पण मंडल मंद असेल, तर संकेतातील झपाट्याच्या बदलांच्या वेळी आतील टप्पे गोंधळतात, आणि स्थिर स्वरावर केलेल्या चाचणीत हे दिसत नाही.

स्थिर स्वराच्या चाचणीची मर्यादा भारतीय संगीताच्या उदाहरणाने चांगली समजते. षड्ज २४० हर्ट्‌झ धरला तर कोमल रिषभ २५६ हर्ट्‌झला येतो. तंबोऱ्यावर षड्ज चालू असताना गायकाने कोमल रिषभ लावला आणि ॲम्प्लिफायर सदोष असेल, तर या दोन कंप्रतांची बेरीज, ४९६ हर्ट्‌झ, हाही एक ध्वनी निर्माण होतो. तो तार षड्ज (४८०) आणि तार कोमल रिषभ (५१२) यांच्या मधोमध पडतो. तो रागात नाही आणि कोणीही गायलेला नाही. यास अंतर्मिश्रण विरूपण म्हणतात. एकाच स्वरावर घेतलेल्या चाचणीत तो दिसणारच नाही, त्यासाठी दोन स्वर एकत्र सोडून मापन करावे लागते.

अर्ल गेडेस व लिडिया ली यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना निरनिराळ्या प्रकारे विरूपित केलेले संगीत ऐकवून त्यांचे अभिप्राय घेतले. एकूण हार्मोनिक विरूपण आणि अंतर्मिश्रण विरूपण या दोन्ही प्रचलित आकड्यांचा श्रोत्यांच्या मताशी उपयुक्त असा संबंध आढळला नाही. आच्छादनाचा विचार करून त्यांनी तयार केलेल्या मापाचा संबंध मात्र अत्यंत घनिष्ठ निघाला. ‘मापने खोटी, कान खरे’ असे या प्रयोगाविषयी म्हटले जाते, ते बरोबर नाही. कानाची रीत लक्षात घेऊन आखलेले माप कानाचा कौल आधी सांगू शकले, असा त्याचा अर्थ आहे.

जवारी आणि विरूपण

‘उपस्वर वाढले तर ध्वनी उलट समृद्ध होतो’ असा युक्तिवाद व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांचे चाहते करतात. त्यात तथ्य आहे, आणि तंबोरा हे त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवले की, तंबोऱ्याच्या घोडीचा वक्र पृष्ठभाग व त्यावरील दोरा यांमुळे तारेतून एरवी मिळणार नाहीत असे वरचे उपस्वर जोमाने उमटतात. जवारी म्हणतात ती हीच. सतार व तंबोरा यांसाठी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेतील कारागीर घोडी घासून जवारी लावतात, ती कानानेच.

परंतु जवारी लावणे हे वाद्याचे काम आहे. जो ॲम्प्लिफायर प्रत्येक ध्वनीत आपला दुसरा उपस्वर मिसळतो, तो उघड्या जवारीचा आणि बंद जवारीचा तंबोरा यांतील भेद काही अंशी पुसून टाकतो. ‘चांगला वाटणारा’ आणि ‘मुळाशी प्रामाणिक’ या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. मापने दुसरीविषयी बोलतात. पहिलीत आवडीनिवडीचा भाग येतो, आणि या विषयावरील निम्मे वाद या दोन कसोट्यांची गल्लत केल्यामुळे होतात.

लाउडस्पीकरशी जोड

ॲम्प्लिफायर साध्या रोधावर मोजतात, पण तो चालवतो लाउडस्पीकर. लाउडस्पीकरचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो. समजा तो एका ठिकाणी ४ व दुसऱ्या ठिकाणी २० ओहम आहे. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम संरोध ०.०५ ओहम असेल, तर या दोन ठिकाणांच्या पातळीत जेमतेम ०.१ डेसिबेल फरक पडतो. व्हॉल्व्हच्या काही ॲम्प्लिफायरांत असतो तसा तो २ ओहम असेल, तर फरक सुमारे २.७ डेसिबेलचा होतो, आणि तो कोणालाही ऐकू येईल. दोन ॲम्प्लिफायरांच्या ‘स्वभावात’ जाणवणाऱ्या पुष्कळशा भेदाचे रहस्य एवढेच असते, व ते पूर्णपणे मोजता येते.

अंध श्रवणचाचण्या

कोणते उपकरण चालू आहे हे श्रोत्याला (आणि शक्यतो चाचणी घेणाऱ्यालाही) कळू न देता केलेल्या तुलनेस अंध चाचणी म्हणतात. तिच्यात दोन्ही उपकरणांची पातळी काटेकोर सारखी करावी लागते. अगदी थोडासा मोठा आवाज माणसाला ‘मोठा’ न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो. दुकानात शेजारी शेजारी दोन संच लावून केलेल्या तुलनेत ही काळजी क्वचितच घेतली जाते.

१९७८ मध्ये ब्रिटनमधील क्वाड कंपनीचे तीन ॲम्प्लिफायर, एक व्हॉल्व्हचा व दोन ट्रान्झिस्टरचे, अशा चाचणीला लावले गेले. जेम्स मॉयर यांनी घेतलेल्या या चाचणीत अनुभवी श्रोत्यांना ते एकमेकांपासून वेगळे ओळखता आले नाहीत. १९८७ मध्ये अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने स्वस्त ते अतिमहाग ॲम्प्लिफायरांची तुलना केली. निकाल नाणेफेकीसारखा लागला. त्याआधी १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी आव्हान स्वीकारून एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे वर्तन आपल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये उतरवले. दोघांचे निर्गम एकमेकांतून वजा करून उरलेला फरक ते कमी करीत गेले आणि तो पुरेसा कमी झाल्यावर ‘स्टिरिओफाइल’च्या समीक्षकांना दोन्हींत भेद करता आला नाही. या वादातील सर्वांत बोलका प्रयोग हाच म्हणावा लागेल, कारण ज्याला ‘मोजता न येणारा गुण’ म्हटले जात होते तो मापनाच्या साहाय्याने दुसऱ्या उपकरणात नेला गेला.

या चाचण्यांवर आक्षेपही आहेत. थोडा वेळ ऐकवलेले तुकडे आणि परीक्षेचा ताण यांमुळे सूक्ष्म भेद निसटू शकतात. संख्याशास्त्राचीही अडचण असते. १६ पैकी १२ वेळा बरोबर उत्तर केवळ अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, म्हणून १२ बरोबर आल्यास भेद ऐकू आला असे मानतात. पण १० बरोबर आल्याने भेद नाहीच असे सिद्ध होत नाही. मात्र उघड्या डोळ्यांनी केलेल्या तुलनेला हे आक्षेप बळ देत नाहीत. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवले की, उपकरण समोर दिसत असेल तर त्याचे नाव, आकार व किंमत यांमुळे जाणत्या श्रोत्यांचेही गुणांकन बदलते. ऑलिव्ह यांनीच २००४ मध्ये ७० लाउडस्पीकरांच्या मापनांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारे सूत्र दिले. त्याचा सहसंबंध ०.८६ आला. लाउडस्पीकरांतील फरक मोठे असतात, म्हणून तेथे असे सूत्र जमले. सुस्थितीतील ॲम्प्लिफायरांत वर्तवण्याजोगा फरकच थोडा उरतो.

ऐकण्याची जागा

मापनांचा अर्थ ऐकण्याच्या जागेवरही अवलंबून असतो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. ४५ डेसिबेलच्या खोलीत ८० डेसिबेलने संगीत ऐकताना ०.१ टक्का विरूपणाची पातळी सुमारे २० डेसिबेल भरते, म्हणजे खोलीतील गोंगाटाच्या २५ डेसिबेल खाली. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात अनेक वस्त्या मागांच्या शेडला लागून आहेत. शेडमधील आवाज ९० डेसिबेलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, आणि कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी धरली जाणारी मर्यादाही ९० डेसिबेलच आहे. अशा शेजारात ०.०१ आणि ०.००१ टक्का यांतील निवड निरर्थक ठरते. उपयोगी पडते ती पुरेशी शक्ती, आणि त्याहून अधिक बंद होणारी खिडकी.

दीर्घकाळ अशा गोंगाटात काम केलेल्यांची श्रवणक्षमता प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपास घटते. उपकरणाची सर्व मापने निर्दोष श्रवणशक्ती गृहीत धरून वाचली जातात. मागावर वर्षे काढलेल्या श्रोत्याला कोणता ॲम्प्लिफायर चांगला वाटेल हे ठरवताना ॲम्प्लिफायरच्या तक्त्याइतकाच त्याच्या कानांच्या तपासणीचा तक्ता महत्त्वाचा ठरतो, आणि तो सहसा काढलेलाच नसतो.