मीटर बोर्डासमोर आंब्याच्या पेट्या? ‘एक मीटर’चा नियम काय सांगतो

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरीतल्या अपार्टमेंटमध्ये दिसणारं हे ओळखीचं दृश्य. जिन्याखाली मीटर बोर्ड, त्याला टेकून आंब्याच्या पेट्या, शेजारी पेंढा आणि समोर लावलेली स्कूटर. कुणाला काही खटकत नाही. पण तपासणीला आलेल्या वायरमनला पॅनलचं दारच उघडता येत नाही आणि तपासणी बाहेरून बघण्यापुरती उरते.

नियम काय आहे?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार स्विचबोर्डसमोर किमान १ मीटर रुंद जागा मोकळी हवी. ही अट नवीन नाही, १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही स्विचबोर्डसमोर मोकळ्या जागेची अट होती.

बोर्डाच्या मागे उघडी जोडणी असेल, तर मागची जागा २० सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हवी. मधलं अंतर चालत नाही. कारण साधं आहे. २० सेंटीमीटरच्या फटीत माणूस शिरूच शकत नाही, ७५ च्या पुढे तो नीट उभा राहून काम करू शकतो. ४०-५० सेंटीमीटरमध्ये मात्र तो कसाबसा शिरतो आणि वळताना त्याची पाठ किंवा कोपर जिवंत भागाला लागू शकतं.

एक मीटर कशासाठी?

सैल झालेली जोडणी तापते, काळी पडते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनल गंजण्याचा धोका जास्त. हे बघायला झाकण उघडावंच लागतं आणि अनेकदा वीज चालू असतानाच. त्या वेळी ठिणगी उडाली, तर मागे सरकायला जागा हवी. मागे स्कूटर असेल तर सरकणार कुठे? पायाशी पेंढा आणि लाकडी पेट्या असतील, तर त्याच ठिणगीची आग व्हायला वेळ लागत नाही.

आग लागली तर?

पहिलं काम मेन स्विच बंद करणं. म्हणूनच १५ मीटरपेक्षा उंच इमारतीत पूर्ण वीजपुरवठा तोडणारा स्विच सहज दिसेल अशा ठिकाणी आणि जमिनीपासून १.७० मीटरपेक्षा जास्त उंचीवर नसावा, असा नियम आहे. पण त्याच्यासमोर सामानाचा ढीग असेल, तर योग्य उंचीवर बसवूनही उपयोग शून्य.

वाट अडवली तर काय होतं?

विद्युत कायदा २००३ च्या कलम १६३ नुसार वीज कंपनीचा अधिकृत कर्मचारी पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी तपासणीला येऊ शकतो. ग्राहकाने त्याला अडवलं किंवा कामासाठी वाजवी सोय करून दिली नाही, तर लेखी नोटिशीनंतर २४ तासांनी वीज तोडण्याचा अधिकार कंपनीला आहे.

सोसायटीने काय करावं?

- बोर्डासमोर १ मीटरचा पट्टा पिवळ्या रंगाने आखा. तिथे गाडी, सायकल, सामान काहीही नको.
- मीटर रूमला कुलूप असेल, तर किल्ली कुणाकडे आहे हे वॉचमनसह सगळ्यांना माहीत हवं.
- प्रत्येक स्विचवर फ्लॅट नंबर लिहा.
- पावसाळ्यापूर्वी परवानाधारक ठेकेदाराकडून झाकण उघडून तपासणी करून घ्या.
- बोर्डातून जळका वास, ठिणगी किंवा आवाज आला, तर हात न लावता १९१२ वर फोन करा.

यातल्या पहिल्या कामाला रंगाचा एक डबा आणि अर्धा तास पुरतो. आंब्याच्या पेट्यांना दुसरा कोपरा शोधता येईल, मेन स्विचला नाही.