सखाराम अर्जुन, डॉ. (राऊत)

राऊत, डॉ. सखाराम अर्जुन : (१८३९–१६ एप्रिल १८८५). मुंबईतील नामांकित डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, मराठीतील वैद्यकीय ग्रंथकार आणि ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे एक संस्थापक. डॉ. रखमाबाई यांचे सावत्र वडील म्हणून ते अधिक परिचित आहेत. त्यांचे निसर्गाभ्यासातील काम त्यामुळे काहीसे झाकोळले गेले.

त्यांचे शिक्षण १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. पुढे तेथेच ते वनस्पतिशास्त्र शिकवू लागले आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालयातही त्यांनी काम केले. औषधे प्रामुख्याने झाडपाल्यापासून होत असल्याने त्या काळच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वनस्पतींची ओळख आवश्यक होती. मराठी घरांतल्या पहिल्या पिढीच्या डॉक्टरांना निसर्गसंग्रहाची गोडी लागली ती बरीचशी या वाटेने. ‘वैद्यतत्त्व’ (१८६९) हा सखाराम अर्जुन यांचा मराठी ग्रंथ.

मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींची सूची त्यांनी १८७९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. अशा सूचीची निकड मोठी होती. गांध्याच्या दुकानात एकाच नावाखाली निरनिराळ्या वनस्पती विकल्या जात. ब्राह्मी म्हणून महाराष्ट्रात एक वनस्पती वापरतात, तर अन्य प्रांतांत दुसरीच. नमुना हाती घेऊन त्याचे शास्त्रीय नाव ठरविल्याखेरीज औषधाची खात्री देता येत नाही. पानाफुलांचा संग्रह हा अशा डॉक्टरांसाठी निव्वळ छंद नव्हता.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) निसर्गप्रेमींची बैठक भरली. आपापली निरीक्षणे सांगणे आणि जमविलेले नमुने एकमेकांना दाखविणे एवढाच तिचा हेतू होता. तीतूनच नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. आठ संस्थापकांपैकी सहा युरोपीय होते. उरलेले दोघे हिंदी, आणि दोघेही डॉक्टर : सखाराम अर्जुन व आत्माराम पांडुरंग तर्खडकर (१८२३–९८). आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे धाकटे बंधू. त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिने १८८० मध्ये बडोद्यातील इंग्रजीचे प्राध्यापक हॅरल्ड लिटलडेल यांच्याशी विवाह केला. जावईबापूही पक्ष्यांचे अभ्यासक निघाले; दक्षिण गुजरातच्या पक्ष्यांवरील त्यांचा लेख सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात (१८८६) आला. 

सोसायटीला पहिली हक्काची जागा मिळाली ती दारूच्या दुकानात. मद्यव्यापारी हर्बर्ट फिप्सन यांनी १८८४ मध्ये फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातली एक खोली देऊ केली. सखाराम अर्जुन यांना सोसायटीची वाढ फार काळ पाहता आली नाही. दीड-दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले. सोसायटीचा संग्रह पुढे इतका वाढला की प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे प्राणिविज्ञान दालन (१९२३) त्यातूनच उभे राहिले.

सखाराम अर्जुन यांनी जयंतीबाई या विधवेशी विवाह केला होता. तिच्या पहिल्या पतीची मुलगी रखमाबाई (१८६४–१९५५) त्यांच्याच घरी वाढली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना नांदावयास पाठविण्यास या कुटुंबाने नकार दिला, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये फिर्याद लावली. पहिला निकाल दादाजींच्या विरुद्ध गेला, पण तो सप्टेंबर १८८५ मध्ये, म्हणजे सखाराम अर्जुन यांच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी. फेरसुनावणीनंतर मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नांदा, नाहीतर तुरुंगात जा’ असे फर्मावले. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली.

रखमाबाईंना इंग्लंडला वैद्यकीय शिक्षणासाठी जाण्यास कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांचे साहाय्य झाले. याच पीचीबाई १८८९ मध्ये हर्बर्ट फिप्सन यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. सोसायटी आणि सखाराम अर्जुन यांचे घर यांचा संबंध असा पुढच्या पिढीतही टिकला. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्यावर सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले.