वणांची वर्गवारी

सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षे काढली, त्याला ‘संकीर्ण’ या फाईलचे माहात्म्य सांगावे लागत नाही. ज्या कागदाला अन्यत्र जागा नाही तो तेथे जातो, आणि वर्षअखेर पाहावे तर सर्वांत जाड फाईल तीच निघते. गेल्या पावसाळ्यात येथे बंगळूरला माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी आपल्या मुलाच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवला. रोगाचे नाव ‘फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस’, आणि त्यापुढे पोटप्रकार ‘अन्यथा अनिर्दिष्ट’. “म्हणजे यांना काही कळलेच नाही, असेच ना हो?” त्यांनी विचारले. मी वैद्य नव्हे. परंतु या दोन शब्दांमागचा इतिहास वाचल्यावर माझे उत्तर बदलले.

मूत्रपिंडात रक्त गाळण्याचे काम सूक्ष्म केशिकांचे गुच्छ करतात. एकेका मूत्रपिंडात ते सुमारे दहा लाख असतात. हे गुच्छ बिघडले की रक्तातील प्रथिन मूत्रावाटे वाहून जाते व अंगावर सूज येते. लंडनच्या गायज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली या सुजेचा संबंध मूत्रपिंडाशी जोडला. रोग्याचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवले असता ते अंड्याच्या पांढऱ्यासारखे साकळते, ही त्या काळची परीक्षा. पुढे कित्येक दशके नाना व्याधी ‘ब्राइटचा रोग’ या एकाच नावाखाली नांदल्या. १९२५ साली जर्मनीत थिओडोर फार यांनी त्यांतील एक वेगळी खूण नोंदवली: सर्व गुच्छांत नव्हे, काहींतच, आणि त्या गुच्छांच्याही एखाद्या भागातच वण. रोगाच्या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच आहे. १९५७ साली बाल्टिमोरच्या अर्नल्ड रिच यांनी दगावलेल्या मुलांची मूत्रपिंडे तपासून दाखवले की, हे वण प्रथम बाह्यस्तराच्या तळाशी असलेल्या, सर्वांत खोल गुच्छांत उमटतात.

हे ज्ञान प्रेतांकडून आले होते. आपल्या शहरातील व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० साली उघडले, तेव्हा जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढून पाहण्याची सोय जगात कोठेही नव्हती. आज त्याच आवारात मूत्रविकारांची स्वतंत्र संस्था उभी आहे. मधली वाट मात्र निर्धोक नव्हती. स्वीडनमधील लुंड येथे निल्स आल्वाल यांनी १९४४ साली सुईचा प्रयोग आरंभला. एक रोगी दगावताच त्यांनी तो थांबवला आणि १९५२ पर्यंत त्याविषयी काही प्रसिद्ध केले नाही. १९५१ साली कोपनहेगनच्या इव्हर्सन व ब्रून यांनी रोग्यास बसवून सुई घातली. निम्म्याच्या आसपास प्रयत्नांत उपयोगी तुकडा मिळाला. १९५४ साली शिकागोच्या कार्क व म्यूर्की यांनी रोग्यास पालथे निजवले, सुईही बदलली, आणि यश शेकडा ९६ वर गेले.

तरी हाती येतो तो शिसपेन्सिलीतील शिशाहूनही बारीक असा तंतू. दहा लाखांपैकी दहा-वीस गुच्छ! समजा, दर दहांपैकी एका गुच्छात वण आहे. तुकड्यात दहा गुच्छ आले, तर वण मुळीच न सापडण्याचा संभव शेकडा ३५. वीस आले तरी शेकडा १२. त्यात सुई वरच्या थरातच राहिली, तर रिच यांनी दाखवलेले खोल गुच्छ हुकतात.

एवढ्या तुटपुंज्या साक्षीवर पोटप्रकार उभे राहिले. १९८४ ते १९८६ या काळात गुच्छाच्या टोकाशी, म्हणजे नलिकेच्या मुखापाशी असणारा वण, पेशींची दाटी झालेला वण आणि गुच्छ अक्षरशः कोसळलेला वण, असे तीन प्रकार निरनिराळ्या ठिकाणांहून वर्णिले गेले. प्रत्येक प्रयोगशाळेची भाषा वेगळी असल्याने कोणाचे कोणाशी जुळेना. अखेर २००४ साली डागाटी, फोगो, ब्राउन व जेनेट या चौघांनी एक वर्गीकरण सुचवले. डागाटी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील, म्हणून ते ‘कोलंबिया वर्गीकरण’ ठरले. त्याची रीत आपल्या कचेरीला शोभेल अशी आहे. प्रथम कोसळलेला गुच्छ शोधावा. एक जरी सापडला तरी निर्णय तेथेच. नसल्यास टोकाचा, मग पेशीबहुल, मग रक्तवाहिनीच्या प्रवेशद्वाराशी असणारा. चारही नाहीत, तरच ‘अन्यथा अनिर्दिष्ट’. बहुतेक पाहण्यांत हाच वर्ग सर्वांत मोठा भरतो. अन्य प्रकारांचे वण जुने झाले की तेही पुष्कळदा येथेच येऊन मिळतात.

या नावांना किंमत आहे. टोकाचा प्रकार बहुधा स्टेरॉइडला दाद देतो. कोसळणारा सर्वांत वाईट. प्रवेशद्वाराशी असलेला वण पुष्कळदा स्थूलपणा किंवा मूत्रपिंडावरील जादा भार सुचवतो. परंतु नाव वणाच्या रूपाचे आहे, कारणाचे नव्हे. एड्सच्या विषाणूनेही गुच्छ कोसळतो, आणि २०२० नंतर कोविडच्या काही रोग्यांतही तेच दिसले. इकडे २००० साली पोडोसिन या प्रथिनाचे जनुक सापडले आणि काही मुलांचा रोग जन्मजात असल्याचे कळले. तेथे स्टेरॉइडचा उपयोग सहसा होत नाही. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने कारणावरून चार वर्ग केले: प्राथमिक, आनुवंशिक, दुय्यम, आणि पुन्हा एकदा, कारण अनिश्चित.

सहकाऱ्यांना मी इतकेच सांगितले: “कळले नाही, असा याचा अर्थ नव्हे. चार दारे ठोठावून पाहिली, असा आहे. आता डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: तुकड्यात गुच्छ किती आले, आणि कारणाचा शोध कोठवर आला.” त्यांनी दोन्ही प्रश्न कागदाच्या पाठीवर टिपून घेतले. संकीर्ण फाईलमध्ये गेलेला कागद निकालात निघाला, असे आपण कचेरीत कधी मानत नाही. येथेही मानू नये.